‘क्लब’ आणि ‘कूड’ : मुंबईच्या जॅझच्या इतिहासलेखनाविषयी

मुंबईतील जॅझ-संगीताचा इतिहास लिहावयास बसणाऱ्यापुढे पहिली अडचण उभी राहते ती एका शब्दाची. ‘जॅझ-क्लब’ हा शब्द न्यूयॉर्क किंवा शिकागो या शहरांच्या संदर्भात उच्चारला, की डोळ्यांपुढे एक विशिष्ट स्थळ येते : रस्त्यालगतची किंवा तळघरातील लहानशी जागा, केवळ ऐकण्यासाठी आलेला श्रोता, आणि रात्र चढत जाईल तशी वादकाला आपल्या मनाप्रमाणे वाजविण्याची मिळत जाणारी मोकळीक. ज्या काळाला मुंबईचे ‘जॅझ-युग’ म्हणण्याची रीत पडली आहे, त्या काळात असे स्थळ या शहरात जवळजवळ नव्हते. होती ती बड्या हॉटेलांतील नृत्यदालने. होती चर्चगेट रस्त्यावरील उपाहारगृहे. होते जिमखान्यांतील आणि रेल्वे इन्स्टिट्यूटांतील नाचाचे कार्यक्रम. या सर्व ठिकाणी जॅझ वाजत असे हे खरे. परंतु जॅझसाठी म्हणून ती ठिकाणे उभी राहिलेली नव्हती. जेवण, नाच आणि मद्य यांच्या व्यवहारात संगीताला जेवढी जागा उरे तेवढी त्याने घ्यावयाची, असाच तेथील रिवाज होता.

याच काळात, याच मुंबईत, ‘क्लब’ या शब्दाला दुसरा एक अर्थ होता, आणि तो मात्र पक्का रुळलेला होता. धोबी तलाव, गिरगाव, माझगाव या भागांत गोमंतकीय ख्रिस्ती पुरुषांची वसतिस्थाने होती. कोकणीत त्यांना ‘कूड’, म्हणजे खोली, म्हणत. इंग्रजीत व मुंबईच्या बोलीत त्यांना ‘क्लब’ म्हणत. प्रत्येक कूड एकेका गावाची. गावचा मनुष्य मुंबईस नोकरीच्या शोधात आला की त्याने आपल्या गावच्या कुडीत पथारी टाकावी, भिंतीलगत आपली ट्रंक ठेवावी, संध्याकाळी वेदीपुढे होणाऱ्या सामुदायिक प्रार्थनेस हजर राहावे, आणि महिन्याची अल्पशी वर्गणी भरावी. जहाजावरचे खलाशी, आचारी, बटलर, शिंपी यांच्याबरोबरच येथे वादकही राहत. हा मनुष्य एका क्लबात वाजवीत असे आणि दुसऱ्या क्लबात झोपत असे, असे थोडक्यात म्हणता येईल. इतिहासकारांचे लक्ष पहिल्यावर खिळले आणि दुसऱ्याकडे ते ओझरतेच गेले. आणि त्यामुळे या इतिहासाचा तोलच बदलून गेला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या विषयावरील आधारभूत ग्रंथ म्हणजे नरेश फर्नांडिस यांचे ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ (२०१२) हे इंग्रजी पुस्तक. क्रिकेट स्मिथच्या वाद्यवृंदाने १९३६ मध्ये मुंबईत ध्वनिमुद्रित केलेल्या एका रचनेवरून त्याचे नाव आले आहे. मुलाखती, जुनी छायाचित्रे, हॉटेलांच्या जाहिराती आणि वृत्तपत्रांतील कात्रणे यांच्या साह्याने फर्नांडिस यांनी एका विस्मृत जगाला पुन्हा चेहरा दिला. त्यांचे ऋण मानल्याशिवाय या क्षेत्रात कोणालाही पाऊल टाकता येणार नाही. त्याआधी ग्रेगरी बूथ यांच्या ‘बिहाइंड द कर्टन’ (२००८) या ग्रंथात मुंबईच्या चित्रपट-संगीतातील वादकांच्या श्रमव्यवहाराचे शोधन आले होते. हे दोन ग्रंथ एकत्र वाचले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. पहिल्यात वादक सायंकाळच्या कोटात, दिव्यांच्या प्रकाशात उभा आहे. दुसऱ्यात तोच वादक सकाळी नऊ वाजता हातात वाद्याची पेटी घेऊन स्टुडिओच्या दारात उभा आहे. मनुष्य एकच; पण पहिल्या चित्राची मोहिनी अशी, की पुढे लोकांच्या मनात तेवढेच उरले. अनुराग कश्यप यांच्या ‘बॉम्बे वेल्व्हेट’ (२०१५) या चित्रपटाने तर एक संपूर्ण क्लबच कल्पिला. आणि त्यासाठी लागणारी जुनी मुंबई श्रीलंकेत उभारावी लागली. ज्या वास्तूला मुंबईत जागा नव्हती तिची प्रतिकृती समुद्रापलीकडे बांधावी लागावी, यात थोडा ऐतिहासिक न्याय आहे असे कोणी म्हटल्यास त्याला दोष देता येणार नाही!

आता नृत्यदालनाकडे वळू. ताजमहाल हॉटेल १९०३ मध्ये सुरू झाले. तेथे नाचाचे वाद्यवृंद पूर्वीपासून असत; केन मॅक या अँग्लो-इंडियन वाद्यवृंदप्रमुखाचे नाव या संदर्भात नेहमी घेतले जाते. परंतु १९३५ च्या हिवाळी हंगामात लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादकाचा वाद्यवृंद ताजमध्ये आला, आणि मुंबईच्या कानांनी या संगीताचा मूळ उच्चार प्रथमच ऐकला. पुढील वर्षी वाद्यवृंदाचे नेतृत्व क्रिकेट स्मिथ या ट्रंपेटवादकाकडे गेले; त्याच्याबरोबर टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक होता. वेदरफर्डचा जन्म १९०३ चा. शिकागोत नाव कमावून १९२६ मध्ये तो आशियात आला होता आणि शांघायमध्ये त्याने बरीच वर्षे काढली होती. पुढे तो कलकत्त्यास स्थायिक झाला आणि १९४५ मध्ये तेथेच पटकीने वारला. स्वदेशी ज्यांना अनेक हॉटेलांच्या दर्शनी दारातून आत जाता येत नव्हते, ते हे कलावंत येथे सन्मानाने राहत होते, ही गोष्ट अनेकांनी हर्षभराने नमूद केली आहे. ती खरीही आहे. मात्र ज्या श्रोत्यांपुढे ते वाजवीत होते त्यांत साम्राज्याचे अधिकारी, संस्थानिक आणि मूठभर धनिक यांचाच भरणा होता, आणि ते श्रोते नाचण्यासाठी आले होते, हेही तितकेच खरे आहे. फॉक्सट्रॉटची लय ढळता कामा नये. वादकाची उपज लांबली की नाचणाऱ्या जोडप्याचे पाऊल चुकते. जॅझचा प्राण जो तत्काल-रचनेचा, त्याला या दालनात अंग आखडूनच वावरावे लागे.

या पाहुण्यांकडून येथील वादक शिकले, आणि ते विलक्षण वेगाने शिकले. येथे गोव्यातील चर्चच्या शाळांचा विचार करणे अवश्य आहे. कारण मुंबईच्या जॅझचे खरे गुरुकुल ताज नव्हे, ते या शाळा होत. पोर्तुगीज अमलात गावोगावच्या चर्चला जोडलेल्या शाळांतून ‘मेस्त्री’ मुलांना स्वरलेखन वाचावयास शिकवी, व्हायोलिन धरावयास शिकवी, आणि प्रार्थनेच्या गायनात त्यांना बसवी. हेतू धार्मिक होता. परंतु त्यातून जो तयार झाला तो कागदावरील स्वरलिपी पाहताक्षणी वाजवू शकणारा, निरनिराळ्या वाद्यांचे स्वर एकत्र कसे बसतात याची जाण असणारा वादक. आणि असा वादक तेव्हाच्या हिंदुस्थानात अन्यत्र क्वचितच मिळे. आपल्या संगीतपरंपरेत विद्या मुखोद्गत असते. तेथे वाचणाऱ्या वादकाची गरजच नसते. म्हणून लष्करी बँड, मूकपटांचे चित्रपटगृह, हॉटेलचे दालन आणि अखेरीस बोलपटाचा स्टुडिओ या चारही ठिकाणी गोमंतकीय वादकाला मागणी आली.

येथेच एक विसंगती आहे, आणि तिच्याकडे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही. वाचण्याचे कौशल्य हे जॅझचे कौशल्य नव्हे. जॅझ कानाने शिकावयाचा, आणि लिहिलेले बाजूला सारूनच त्यात काही बोलता येते. गोमंतकीय वादकाला नोकरी मिळाली ती तो वाचू शकत होता म्हणून. त्याला जॅझ आवडला तो त्यात वाचावे लागत नव्हते म्हणून. चर्चगेटवरील उपाहारगृहांत रविवारी सकाळी जी ‘जॅम सेशन’ होत, त्यांत ही दुसरी भूक भागविली जाई. आठवड्याचे सहा दिवस त्याने पोटासाठी जे वाजविले आणि सातव्या दिवशी मनासाठी जे वाजविले, त्यांतील अंतर मोजल्याखेरीज मुंबईच्या जॅझची चिकित्सा पुरी होणार नाही.

वादकांच्या नावांकडे पाहिले तरी हा व्यवहार ध्यानात येतो. हळदोण्याचा आंतोनियो शाव्हियेर वाझ (१९१६–१९६७) मुंबईत ‘चिक चॉकलेट’ झाला आणि त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. मडगावचा क्रिस्तोव्हाँव पेरैरा ‘क्रिस पेरी’ झाला. कुडचड्याचा फ्रँकलिन फर्नांडिस ‘फ्रँक फर्नांड’ झाला. कावसजी खटाव हा पारशी सॅक्सोफोनवादक ‘रूडी कॉटन’ या नावाने प्रसिद्धीस आला. ही नावे जाहिरातीत शोभावीत, आणि नाचावयास येणाऱ्याला आपण लंडनमध्ये वा न्यूयॉर्कमध्ये आहोत असा भास व्हावा, हाच यामागील हेतू असावा. अर्थात मिकी कोरिया यांच्यासारख्या एखाद्याने १९३९ पासून १९६० पर्यंत, म्हणजे दोन दशके, ताजच्या वाद्यवृंदाचे नेतृत्व केले आणि आपले आडनाव कायम ठेवले. तथापि सर्वसाधारण रीत नाव बदलण्याचीच होती. पुढे स्टुडिओत गेल्यावर तर हे बदललेले नावही लोपले.

यानंतर येते ती दारूबंदी. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. १९५० च्या एप्रिलपासून बंदी पूर्णतः अमलात आली. मोरारजी देसाई हे तेव्हा गृहमंत्री होते. दारूबंदीने मुंबईचा जॅझ मारला, हे विधान आता इतके वेळा लिहिले गेले आहे की ते तपासून पाहण्याची कोणास गरज वाटत नाही. आमच्या मते ते अर्धे खरे आहे. मद्यविक्रीच्या उत्पन्नावर मोठे वाद्यवृंद पोसले जात होते. ते उत्पन्न बुडाल्यावर बारा-पंधरा वादकांचे वृंद परवडेनासे झाले, हे उघड आहे. परंतु चर्चगेट रस्त्यावरील (आजचा वीर नरिमन मार्ग) उपाहारगृहांचा बहर याच्या पुढचा आहे. गेलॉर्ड तर १९५६ मध्ये, म्हणजे कडक दारूबंदीच्या ऐन काळात, सुरू झाले. ॲस्टोरिया हॉटेलातील ‘व्हेनिस’, ॲम्बॅसडरमधील ‘द अदर रूम’, रिट्झमधील ‘लिटल हट’ या ठिकाणी पन्नाशीच्या आणि साठीच्या दशकांत लहान संच वाजवीत. ॲम्बॅसडरमध्ये पियानोवादक टोनी पिंटो यांचा संच होता. कॉफीच्या पेल्यावर जॅझ ऐकणारी ही मुंबई होती. मोठा वृंद मोडल्यामुळे चार-पाच जणांचे संच निघाले, आणि लहान संचातच प्रत्येक वादकाला स्वतंत्र बोलण्यास वाव मिळतो. तेव्हा ऐकण्याजोगा जॅझ मुंबईला दारूबंदीनेच दिला, असेही कोणी युक्तिवादासाठी म्हणू शकेल. आम्ही एवढ्या टोकास जात नाही. पण ‘ब्लू रिदम’ हे जॅझला वाहिलेले इंग्रजी नियतकालिक मुंबईत १९५२ मध्ये, दारूबंदीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, निघाले. मृत झालेल्या संगीतासाठी कोणी नियतकालिक काढीत नाही.

मग या उपाहारगृहांतील वादक हळूहळू कोठे गेला? तो दादरला, महालक्ष्मीला, ताडदेवला, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत गेला. आणि त्याला तेथे नेणाऱ्यांत एक मराठी संगीतकार अग्रभागी होता. रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १९१८ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांब्याचा. विनायकबुवा पटवर्धनांकडे त्यांनी गायनाचे शिक्षण घेतले होते. चित्रपटांत संगीतकार म्हणून ते ‘सी. रामचंद्र’ झाले आणि गायक म्हणून नुसते ‘चितळकर’ राहिले. इंग्रजी आद्याक्षराचा आधार घेण्याची गरज केवळ गोमंतकीयांनाच वाटत होती असे नव्हे. ‘शहनाई’ (१९४७) मधील रविवारच्या भेटीचे गाणे, ‘समाधी’ (१९५०) मधील लॅटिन अमेरिकन चालीवर बेतलेले गाणे, आणि ‘अलबेला’ (१९५१) मधील गाणी यांतून त्यांनी नृत्यदालनातील ताल आणि पितळी वाद्ये सामान्य श्रोत्यापर्यंत पोहोचविली. ‘अलबेला’चे निर्माते, दिग्दर्शक आणि नायक भगवान पालव हे गिरणीकामगाराचे पुत्र, आणि त्या चित्रपटातील ‘दीवाना ये परवाना’ या गाण्यात चिक चॉकलेट आपल्या वादकांसह पडद्यावर प्रत्यक्ष दिसतो.

हे गाणे सावकाश ऐकण्याजोगे आहे. मुखड्याची चाल साधी, चार माणसांना सहज म्हणता येईल अशी. तिची ठेवण कोणत्याही मराठी कानाला परकी वाटणार नाही. परंतु प्रत्येक ओळ संपते तेथे पितळी वाद्ये उत्तर देतात, आणि ते उत्तर ओळीच्या शेवटाची वाट पाहत नाही. किंचित आधी, तालाच्या ठोक्याला हुलकावणी देऊन, ते आत घुसते. हे हुलकावणी देणे म्हणजेच ज्याला जॅझमध्ये ‘स्विंग’ म्हणतात त्याचे सार. सूर रामचंद्रांचा, त्या सुराला हसून दिलेले उत्तर मात्र ताजच्या दालनात शिकलेल्या माणसाचे. चिक चॉकलेट हा रामचंद्रांचा साहाय्यक होता हे सर्वज्ञात आहे. पण श्रेयनामावलीत ‘साहाय्यक’ हा शब्द किती गोष्टी झाकतो हे येथे ऐकू येते. याची दुसरी बाजूही विसरता कामा नये. अलीकडे अशी एक हाकाटी सुरू झाली आहे, की हिंदी चित्रपटांची गाणी वास्तविक गोमंतकीय संयोजकांनीच रचली आणि संगीतकार केवळ नावाचे धनी झाले. ही जुन्या अन्यायाची नव्या अन्यायाने केलेली परतफेड आहे. जो मुखडा लोकांच्या ओठांवर बसला तो कोणाच्या कंठातून आला, याविषयी ‘अलबेला’च्या बाबतीत तरी शंका घेण्याचे कारण दिसत नाही. ‘आशा’ (१९५७) मधील ‘ईना मीना डीका’ या गाण्यात दोन कोकणी शब्द आले आहेत. ते तालमीच्या खोलीत एका गोमंतकीय साहाय्यकाकडून आले असे सांगतात. एकाच गाण्यात दोन घरची बोली नांदते, ती अशी.

अशोक दा. रानडे यांनी भारतीय संगीताच्या कोटी मांडताना आदिम, लोक, धर्म, कला, जन या कोटींच्या जोडीला ‘संगम-संगीत’ अशी एक कोटी मानली. मुंबईच्या जॅझला ही कोटी जितकी लागू पडते तितकी दुसरी कोणतीही नाही; कारण संगमात कोणते पाणी कोणत्या नदीचे हे विचारता येते, पण वेगळे काढता येत नाही. विचारणे मात्र सोडता कामा नये. मराठी संगीतसमीक्षेने ते विचारले नाही. नाट्यपदांत कोणत्या बंदिशीची छाया आहे याची चर्चा आपण पिढ्यान्‌पिढ्या केली. केशवराव भोळे यांच्यासारख्या जाणत्या समीक्षक-संगीतकाराने प्रभातच्या चित्रपटांत पियानो, व्हायोलिन, हवाईयन गिटार यांचा विचारपूर्वक उपयोग केला. परंतु चर्चगेटच्या उपाहारगृहात दर रात्री काय वाजते आहे याची दखल घ्यावी, असे मराठीत फारसे कोणास वाटले नाही. ते इंग्रजाळलेल्यांचे नाचगाणे, एवढ्यावर विषय मिटला. धोबी तलाव ओलांडून गिरगावात जाणारा मराठी रसिक कुडीच्या दाराशी थबकला नाही. आत कोणी सनईसारखे काही वाजवीत असेल, असे वाटून तो पुढे गेला असेल.

उपज आणि जॅझमधील तत्काल-रचना यांचे साम्य दाखविण्याची हौस मात्र नंतर पुष्कळांना आली. डेव्ह ब्रूबेक १९५८ मध्ये भारतात आला तेव्हा मुंबईत सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याशी त्याचे वादन झाले. ड्यूक एलिंग्टन १९६३ मध्ये येऊन गेला. लुई आर्मस्ट्राँग १९६४ मध्ये. या दौऱ्यांचा पुरस्कर्ता अमेरिकन शासनाचा परराष्ट्र विभाग होता, आणि शीतयुद्धाच्या त्या दिवसांत संगीत हे राजनीतीचे साधन होते, हे आता कोणी लपवीत नाही. पाहुण्यांना राग ऐकावयाचा होता, आणि यजमानांनाही पाहुण्यांपुढे रागच ठेवावयाचा होता. साम्याची ही चर्चा सावधपणे वाचली पाहिजे. बारा ‘बार’चा ब्लूज आणि बारा मात्रांचा एकताल यांत आकड्याखेरीज समान काही नाही. एकात स्वरसंघातांचे चक्र फिरत असते, दुसऱ्यात समेकडे जाणारी एकच वाट असते. याउलट, हे दोन्ही प्रदेश पायाखालचे असलेला वादक शेजारच्या रस्त्यावरच राहत होता. फ्रँक फर्नांड १९४६ मध्ये मसुरी येथे असताना त्याला गांधीजींचे दर्शन घडले, आणि हिंदुस्थानी वळणाचा जॅझ वाजवावा असे त्याच्या मनाने घेतले, अशी नोंद फर्नांडिस यांनी केली आहे. रागाधारित जॅझचा प्रयोग पुढे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांनी केला. अमेरिकन पाहुण्याच्या सतारभेटीला जी प्रसिद्धी लाभली तिचा शतांशही या प्रयत्नांना लाभला नाही.

फ्रँक फर्नांडचे पुढचे आयुष्य तर कुडीकडेच परत जाते. हिंदी चित्रपटांत साहाय्यक म्हणून काम करून मिळविलेले द्रव्य त्याने कोकणी चित्रपटांत घातले : ‘आमचें नशीब’ (१९६३) आणि ‘निर्मोण’ (१९६६). पहिल्याचे संगीत क्रिस पेरीचे. व्हेनिसमध्ये रात्री वाजविणारा हाच क्रिस पेरी लॉर्ना कॉर्देरो हिच्या आवाजात कोकणी गाणी बसवीत होता, आणि त्या गाण्यांत जॅझचा ट्रंपेट असा मुरला, की गोव्याच्या खेड्यांत आज ती लोकगीतांच्या आपलेपणाने गायिली जातात. कोकणी तियात्राचा जन्मच मुंबईचा, १८९२ चा. त्याच्या रंगमंचापुढील वादक आणि हॉटेलातील वादक पुष्कळदा तेच असत. एकाच माणसाने एकाच आठवड्यात बड्या हॉटेलात फॉक्सट्रॉट, स्टुडिओत हिंदी गीत आणि भांगवाडीच्या नाट्यगृहात तियात्राचे कांतार वाजवावे, हा त्या काळचा क्रम होता. या तिन्हींना जोडणारी जागा एकच, आणि ती म्हणजे कूड. त्यातच हेही ध्यानी घ्यावे, की १९६१ च्या डिसेंबरपर्यंत गोवा परराज्य होते आणि १९५५ पासून सरहद्दीवर कडक निर्बंध होते. म्हणजे कित्येक वर्षे गावची वेदी आणि गावचा सण त्याला मुंबईच्या खोलीतच साजरा करावा लागे. ‘आमोद-प्रमोदाचे युग’ म्हणून ज्या काळाचे वर्णन केले जाते तो काळ या वादकासाठी घरापासून तुटल्याचाही होता.

सोयगाव तालुक्यातील विद्यार्थ्याला हा सर्व खटाटोप दूरचा वाटण्याचा संभव आहे. अजिंठ्याच्या डोंगरापायथ्याशी नृत्यदालन कोठले? परंतु लग्नाच्या वरातीत जो बँड वाजतो त्याची क्लॅरिनेट, ट्रंपेट आणि साइडड्रम ही वाद्ये त्याच कुळातील आहेत, आणि त्या बँडने ‘अलबेला’ची गाणी वाजविली नाहीत असा गाव शोधून काढावा लागेल. याहून जवळचा दाखला फर्दापूरच्या लेण्यांचाच आहे. सोळाव्या लेण्यात वाकाटक नृपती हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने कोरविलेला लेख आहे. दाता कोण, त्याचे कुल कोणते, दान कशासाठी, हे सर्व त्यात आहे. भिंतीवर ज्यांनी रंग भरला त्यांपैकी कोणाचेही नाव त्यात नाही. कलेच्या इतिहासात दात्याचा लेख आधी वाचला जातो, कारण तो वाचता येतो. हॉटेलांच्या जाहिराती आणि चित्रपटांच्या श्रेयनामावल्या हे मुंबईच्या जॅझचे असेच दानलेख आहेत. अजिंठ्याचा अभ्यासक रेषेच्या वळणावरून हात ओळखावयास शिकला. तसा ट्रंपेटच्या श्वासावरून वादक ओळखण्याचा अभ्यास आपल्याकडे अजून सुरू व्हावयाचा आहे. फार झाले तर एखादे नाव अपघाताने वर येते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे व्हायोलिनचे शिक्षक. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधील एका गाण्यात गुरूचे नाव अजरामर केले, आणि कोट्यवधी लोकांनी ते एका काल्पनिक, विनोदी पात्राचे नाव म्हणून गायिले.

साठीच्या दशकाअखेरीपासून चर्चगेटवरील संच एकामागून एक विरळ झाले. तरुणांना आता विजेच्या गिटारीचे संगीत हवे होते. ध्वनिमुद्रिकांवर नाचता येऊ लागल्यावर मालकाला वादक पोसण्याचे कारण उरले नाही. आणि स्टुडिओचे वेतन रोख व नियमित होते. या तीन कारणांपुढे दारूबंदीचे कारण फिके वाटते. बंदी सैल होत गेली तरी ते संच परत आले नाहीत. निरंजन झवेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये ‘जॅझ यात्रा’ भरविली तेव्हा सॉनी रोलिन्ससारखा श्रेष्ठ सॅक्सोफोनवादक तीत वाजवून गेला. या यात्रेचे स्थान झालेले रंगभवन धोबी तलावाला, म्हणजे कुडींच्या वस्तीला लागूनच होते. तेथे लोक केवळ ऐकण्यासाठी बसत; कोणी नाचत नसे, कोणी जेवत नसे. पुढे शांतता-क्षेत्राच्या नियमामुळे तेथील रात्रीचे कार्यक्रम थांबले. शब्दाच्या मूळ अर्थाने ज्याला क्लब म्हणता येईल असे एक स्थळ, ‘ब्लू फ्रॉग’, मुंबईला मिळाले ते २००७ मध्ये, लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात. त्याच गिरणगावात अर्धशतकापूर्वी गणेशविसर्जनाच्या मिरवणुकांतून लोक भगवानच्या ढबीने नाचत होते, आणि त्या ढबीखाली चिक चॉकलेटचा ट्रंपेट वाजत होता. त्यासाठी कोणाला तिकीट काढावे लागले नव्हते. ‘ब्लू फ्रॉग’ २०१६ मध्ये बंद झाले.